पिकेट कुंपणाची आडवी रेल: ४० चौकोनी पाइप की पत्र्याचं चॅनेल?

वेळणेश्वर_कंपाउंड

गुहागर तालुक्यात किनाऱ्यापासून साधारण ३०० मीटरवर ४७ मीटर लांब कुंपण करायचं आहे. खाली चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) गडगा, म्हणजे बुटकी भिंत, आहे, त्यावर १.२ मीटर उंचीचं लोखंडी पिकेट कुंपण येईल. उभे बार १६ मिमी चौकोनी भरीव, खांब ६० × ६० × ३ चे. दोन खांबांमधली मोकळी जागा २४०० मिमी धरली तर १९ पॅनेल आणि २० खांब होतात. यातले ५ पॅनेल उतारावर आहेत, गडगा दर २.४ मीटरला ४० सेंमी उतरतो.

स्थानिक फॅब्रिकेटर म्हणतो, ४० × ४० × २ चा जीपी (आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याचा) पाइप घ्या, भोकं पाडून बार आरपार घालू, दोन टाके मारू, रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट. आजूबाजूची अशी कुंपणं पाहिली. बार शाबूत दिसतात, पण प्रत्येक बाराच्या बुडाशी रेलवर गंजाचा तपकिरी ओघळ आहे आणि रेलची खालची बाजू बोटाने दाबली तर आत जाते.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रेल पाइपची करावी की वाकवलेल्या पत्र्याची? भोकांचं माप आणि अंतर कसं काढायचं? गॅल्व्हनायझिंग जोडणीआधी करायचं की नंतर?

मिरजोळे_शीटमेटल

तुम्ही रेलची खालची बाजू दाबून पाहिलीत, तिथेच मूळ दुखणं आहे. आरपार भोक पाडलेला पाइप ही आडवी टाकी असते. पावसाचं पाणी उभ्या बारावरून ओघळतं, वरच्या भोकाच्या फटीतून आत शिरतं आणि तळाशी साचतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिमीच्या पुढे पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने खारं दंव. आत रंग पोचत नाही, ब्रशही पोचत नाही. रेल आतून बाहेर कुजते, म्हणून वरून रंग चांगला दिसत असतानाच पाइप फुटतो.

त्यामुळे माझं मत पत्र्याच्या चॅनेलचं, तोंड खाली करून. पाणी साचायला जागा नाही, आतली बाजू डोळ्यांना दिसते, आणि बाराची वेल्डिंग खालून करता येत असल्याने वरचा पृष्ठभाग स्वच्छ राहतो.

माप असं घ्या. वरची सपाट बाजू ४० मिमी, दोन्ही पाय ३० मिमी (बाहेरून), पत्रा २ मिमी, आतली त्रिज्या २ मिमी. के फॅक्टर (वाकताना न ताणला जाणारा थर जाडीच्या किती भागावर आहे ते) ०.४ धरला तर एका ९० अंशाच्या बेंडला ४.४ मिमी लागतात, आणि सपाट पट्टी होते २६ + ४.४ + ३२ + ४.४ + २६ = ९२.८ मिमी. १२२० रुंदीच्या शीटमधून अशा १३ पट्ट्या निघतात. तुम्हाला दर पॅनेलला वर-खाली दोन अशा ३८ रेल हव्यात, म्हणजे ८ × ४ फुटी ३ शीट, एक पट्टी सेटिंगला उरते. पहिल्यांदा १०० मिमीचा तुकडा वाकवून मोजा. पंचची त्रिज्या वेगळी असेल तर ९२.८ चे ९२ किंवा ९३.५ होतात, आणि ३८ पट्ट्या कापून झाल्यावर ते कळून उपयोग नाही.

आता बारांची वाटणी. फट १०० मिमीपेक्षा कमी ठेवायची, लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून. २० बार घेतले तर फट (२४०० − ३२०) ÷ २१ = ९९ मिमी येते. कागदावर बसते, पण एखादा बार १-२ मिमी सरकला की गेली. २१ बार घ्या: (२४०० − ३३६) ÷ २२ = ९३.८२ मिमी. मध्य ते मध्य अंतर १०९.८२. खांबाच्या कडेपासून पहिल्या भोकाचा मध्य १०१.८२ वर. रेल दोन्ही टोकांना ३ मिमी आखूड म्हणजे २३९४ ठेवली, तर रेलच्या टोकापासून तोच मध्य ९८.८२ वर येतो.

हे अंतर मागच्या भोकापासून पुढच्या भोकाला कधीही मोजू नका. दर वेळी ०.३ मिमीची चूक झाली तर एकविसाव्या भोकापर्यंत ६ मिमी साठते. वरच्या रेलची चूक एका दिशेला, खालचीची दुसऱ्या दिशेला, मग बार तिरके बसतात आणि शेवटचे चार तर हातोड्याशिवाय जात नाहीत. सगळी मापं एकाच टोकापासून: ९८.८, २०८.६, ३१८.५ अशी. ती एका जाड पट्टीवर एकदाच नीट पाडून घ्या, त्यात १० मिमीची पिन बसवा, आणि प्रत्येक पत्र्याची पट्टी त्याच जाड पट्टीच्या, म्हणजे स्टॉपरच्या, आधाराने सरकवत पंच करा.

भोकं वाकवण्याआधी, पट्टी सपाट असतानाच पाडायची. १७ × १७ चं भोक, २ मिमी पत्रा: परिघ ६८ × जाडी २ × कातरबळ ३५० (न्यूटन/चौ. मिमी) म्हणजे सुमारे ४८ किलोन्यूटन, ५ टनांच्या आत. १० टनी पॉवर प्रेस पुरतो. पंच आणि डायमध्ये दर बाजूला ०.१ ते ०.१६ मिमी फट हवी. जास्त झाली की बर (कडेला धारदार कंगोरा) उठतो. बर असलेली बाजू चॅनेलच्या आत यायला हवी. ती बाहेर आली तर बेंडवर पत्र्याच्या कडेला चीर तिथूनच सुरू होते, आणि वर हात फिरवणाऱ्याला कापतं ते वेगळंच. भोकाच्या कडेपासून पायाच्या आतल्या बाजूपर्यंत ९.५ मिमी उरतात. किमान ६ हवेत (जाडीच्या दुप्पट अधिक त्रिज्या), म्हणजे वाकवताना भोक ओढलं जात नाही.

वाकवायला १६ मिमी व्ही-डाय (व्ही आकाराच्या खाचेचा साचा) आणि २.५ मीटरचा किमान ५०-६० टनी प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं यंत्र) लागेल. दुसऱ्या बेंडला आधी उभी झालेली बाजू पंचला घासते का, तेही त्याच १०० मिमीच्या तुकड्यावर पाहून घ्या.

भार_आणि_वाक

पाण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण हे चॅनेल २४०० च्या गाळ्यात (दोन आधारांमधल्या अंतरात) जसंच्या तसं टाकू नका, ते लोंबेल. आकडे देतो.

४० × ४० × २ पाइपची जडता (वाकण्याला विरोध करण्याचं माप) साधारण ७३,००० मिमी⁴. वर-खाली १७ मिमीचं भोक पाडलं की भोकाच्या जागी ती ४९,००० वर येते, एक तृतीयांश घट. कारण उभ्या भाराला सगळं काम वरची आणि खालची बाजूच करते, आणि आपण नेमकी तिथेच भोकं पाडतो. गंमत अशी की आडव्या धक्क्याला (वारा, टेकणारा माणूस) तीच भोकं फक्त २ टक्के घट करतात, कारण तेव्हा ती मधोमध येतात.

वर सुचवलेल्या चॅनेलची उभ्या भाराची जडता १७,८००, भोकाच्या जागी १४,५०० च्या आसपास. २१ भरीव बारांचं वजन ५१ किलो, दोन रेलचं ७, एकूण ५८ किलो. दर रेलला निम्मं धरलं तरी नुसत्या स्वतःच्या वजनाने मध्यावर १५ मिमीच्या आसपास झोक येतो. पाइपला हाच झोक ४-५ मिमी. त्यात ७५ किलोचा माणूस वरच्या रेलच्या मध्यावर चढला आणि ती एकटीच भार घेते असं धरलं, तर पाइपमध्ये भोकाशी ताण १८४ न्यूटन/चौ. मिमी येतो, चॅनेलमध्ये ५६० च्या वर. साधा पत्रा २५० ला वाकून राहतो. कोकणात माणूस नाही चढला तरी वानरांची टोळी त्याच रेलवरून उड्या मारत जाणार आहे, हे धरूनच चाला.

उपाय सोपा आहे आणि पाइपला परत जायची गरज नाही. मधला, म्हणजे अकरावा बार लांब ठेवा आणि गडग्यापर्यंत न्या, खाली ५० × ५० × ५ ची पट्टी. गाळा १२०० झाला की झोक सोळा पटींनी घटतो, म्हणजे मिलिमीटरभर. दोन्ही रेल बारांनी नीट वेल्ड केलेल्या असतील तर त्या भार वाटून घेतात, आणि तोच माणूस चौथाईवर चढला तरी ताण १४०-१५० च्या घरात राहतो. आडव्या दिशेला तर हे चॅनेल पाइपच्या ७० टक्के ताठ आहे, तिथे काळजी नाही.

३ मिमी पत्रा घेऊन मधला पाय वाचवू, असा विचार मनात येईल. जडता साधारण दीडपटच होते, झोक १० मिमीच्या आसपास उरतो. पायच करा.

वेळणेश्वर_कंपाउंड

धन्यवाद, मधला पाय करतो. उतारावरच्या ५ पॅनेलचं कसं करू? पायऱ्या-पायऱ्यांनी पॅनेल बसवली तर प्रत्येक खांबापाशी खालून ४० सेंमीचा त्रिकोण मोकळा राहतो, कुत्री सहज आत येतील. बार उभेच ठेवून रेल तिरकी करता येईल का?

मिरजोळे_शीटमेटल

येईल, आणि इथे चॅनेल पाइपला सरळ हरवतं.

२४०० ला ४०० म्हणजे सहाला एक. रेलची तिरकी लांबी २४३३ होते, टोकांची फट काढून २४२७. २४४० च्या शीटमध्ये जेमतेम बसते, म्हणून या १० पट्ट्या शीटच्या पूर्ण लांबीतून आधी कापा. भोकांचं अंतर रेलवर मोजताना १.०१३८ ने गुणायचं: १०९.८२ चं १११.३४. हे विसरून सरळ पॅनेलचा स्टॉपर वापरला, तर शेवटच्या बारापाशी ३० मिमी जास्त फट उरते आणि सगळा माल भंगारात जातो. उताराच्या पट्टीचा स्टॉपर वेगळा करा आणि वेगळा रंगवून ठेवा.

भोकाची लांबी: तिरक्या रेलमधून उभा बार जाताना त्याची रुंदी १६.२२ दिसते, त्यात पत्र्याच्या जाडीचा तिरपेपणा २ ÷ ६ = ०.३३. झाले १६.५५, मोकळीक धरून १७.५ × १७. बस्स. पाइपमध्ये वरचं आणि खालचं भोक ४० मिमी अंतरावर असतं, म्हणून तिथे ४० ÷ ६ = ६.७ मिमी आणखी लागतात, भोक २४ मिमी लांब होतं आणि बाराशेजारी ७ मिमीची उघडी फट राहते. ती वेल्डने भरता येत नाही. ट्यूब लेसर असेल तर खालचं भोक ६.७ मिमी सरकवून कापता येतं, पण प्रेसवर एका फटक्यात दोन्ही भोकं पाडणाऱ्याला ते शक्य नाही.

जुळवताना रेल जिगवर (जुळवणीच्या साच्यावर) तिरकी पकडा आणि बार ओळंब्याने नाही, जिगच्या उभ्या पट्टीला टेकवून लावा. कोपरे काटकोनात नसलेलं पॅनेल आहे. कर्ण मोजून तपासायची नेहमीची सवय इथे फसवते, दोन्ही कर्ण सारखे येणारच नाहीत.

जस्ताचा_थर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सगळं वेल्डिंग संपवून अख्खं पॅनेल हॉट डिप, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून. पण आधी "दोन टाके मारू" हे डोक्यातून काढा.

गॅल्व्हनायझिंगआधी पॅनेल ॲसिडच्या टाकीत जातं. बार आणि भोक यांच्यात अर्धा-पाऊण मिलिमीटर फट आणि दोनच टाके असतील, तर फटीत ॲसिड केशाकर्षणाने शिरतं. नंतरच्या ४५० अंशांच्या जस्ताच्या टाकीत ते पूर्ण निघत नाही आणि इतक्या खोल अरुंद फटीत जस्तही शिरत नाही. मग नवंकोरं चकचकीत पॅनेल पहिल्याच पावसात प्रत्येक सांध्यातून तपकिरी रडायला लागतं. त्यावर कितीही रंग मारा, आतून ओघळ येतोच. म्हणून चारही बाजूंनी पूर्ण वेल्ड. चॅनेलमध्ये ४२ सांधे × ६४ मिमी म्हणजे दर पॅनेलला २.७ मीटर वेल्ड, सगळं खालून. पाइपमध्ये वर आणि खाली धरून ५.४ मीटर. फॅब्रिकेटरला दर देताना हे लिहूनच द्या, नाहीतर तो टाके मारूनच पाठवेल. वरून उरलेली फट फक्त २ मिमी खोल असते, ती जस्ताने बहुतेक भरून निघते.

स्लॅग (वेल्डवरची खपली) आणि स्पॅटर (उडालेले थेंब) चिपिंगने पूर्ण काढा. स्लॅगवर जस्त चढत नाही, काळा ठिपका राहतो.

जीपी पाइपबद्दल. दुकानातल्या १२० ग्रॅमच्या जीपीमध्ये हे १२० दोन्ही बाजू मिळून असतात, म्हणजे बाजूला ८ मायक्रॉनच्या आसपास. हॉट डिपला आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे २ मिमी ते ५ मिमीच्या आतल्या मालावर ४६० ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे ६५ मायक्रॉन, आणि ५ मिमी व पुढच्या मालावर ६१० ग्रॅम, ८५ मायक्रॉन. आयएसओ ९२२३ च्या सी५ (फार गंजवणाऱ्या) हवेत जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं, आणि ३०० मीटरवरची तुमची जागा त्याच वर्गात धरावी. जीपी वर्ष-दोन वर्षांत संपतो, आणि वेल्ड केलेल्या जागी तर पहिल्याच दिवशी, कारण तिथलं जस्त जळून गेलेलं असतं. हॉट डिप रेल रंगाशिवाय ८ ते १५ वर्षं. १६ मिमीचे बार त्याहून जास्त टिकतील. म्हणजे कुंपणाचं आयुष्य रेलच ठरवते.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. २ मिमी म्हणून घेतलेला पत्रा मायक्रोमीटरला १.८ भरतो. २ च्या खाली गेला की तो ३४० ग्रॅमच्या वर्गात पडतो, ४८ मायक्रॉन. शीट घेतानाच कडेपासून आत चार ठिकाणी मोजा.

खांब बंद पाइपचे आहेत, त्यांना वर आणि खाली समोरासमोरच्या कोपऱ्यांत १२ मिमीची भोकं हवीतच. टोपी आणि बेसप्लेट वेल्ड करून पूर्ण बंद केलेला खांब जस्तात बुडवला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो, टाकीशेजारच्या माणसाच्या जिवावर बेततं. चॅनेलला अशी भोकं लागत नाहीत.

वर रंग हवा असेल तर ऑइल पेंट थेट जस्तावर नको. जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन खाली साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षभरात रंग पापुद्र्यांनी सुटतो. हलका स्वीप ब्लास्ट (बारीक कण फुंकून पृष्ठभाग किंचित खरखरीत करणं), मग इपॉक्सी प्रायमर, वर पीयू (पॉलियुरेथेन रंग). गॅल्व्हनायझरला आधीच सांगा की रंग होणार आहे, क्रोमेटमध्ये बुडवू नका.

चिरा_आणि_काँक्रीट

कुंपण कितीही चांगलं असलं तरी खांब चिऱ्यात फुगणारे अँकर फास्टनर ठोकून उभे करू नका. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ. फास्टनर फुगवला की चिरा आतून भुगा होतो, बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि एका पावसाळ्यात खांब हलायला लागतो. प्रत्येक खांबाच्या जागी गडग्यातला चिरा काढून ३०० × ३०० × ४५० चा काँक्रीटचा ठोकळा ओता, त्यात १२ मिमीचे चार बोल्ट आधीच बसवा, १५० × १५० × ८ ची बेसप्लेट. प्लेटखाली २०-२५ मिमी नॉन-श्रिंक ग्राउट (न आकसणारा मसाला), बाहेरच्या बाजूला उतार देऊन. खांब काँक्रीटमध्ये गाडायचा मोह टाळा. काँक्रीट आणि लोखंड जिथे भेटतात त्या रेषेवरच तो कापला जातो. मधल्या पायाखालीही हातभर काँक्रीटचा थापा हवा.

रेल खांबाला ५ मिमीच्या एल क्लीटने (एल आकाराच्या पट्टीने) जोडा, क्लीटमध्ये १० × २० चं लांबट भोक, एम८ बोल्ट. उतारावर बोल्ट रेलच्या पायातून घ्या, वरच्या सपाट बाजूतून नाही. पायातला बोल्ट बिजागरीसारखा फिरतो आणि चार-पाच मिलिमीटरचा उताराचा फरक खपवून घेतो. बोल्ट ३१६ स्टेनलेस. ३०४ ला किनाऱ्यावर चहासारखे डाग पडतात.

वेळणेश्वर_कंपाउंड

सगळं लिहून घेतलं. शेवटचं एक: पुरवठादार ॲल्युमिनियमच्या तयार रेल सुचवतो आहे, ३८ मिमीच्या. खर्च सोडला तर त्या बऱ्या का?

भार_आणि_वाक

गंजाच्या दृष्टीने बऱ्या, पण याच डिझाइनमध्ये नाही. ६०६३ प्रतीच्या ॲल्युमिनियमची ताठरता लोखंडाच्या एक तृतीयांश, त्यामुळे ५१ किलोचे भरीव लोखंडी बार त्यावर लटकवता येणार नाहीत. बारही ॲल्युमिनियमचे पोकळ घ्यावे लागतील. लोखंड आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्क्रू ३१६ चे, मध्ये नायलॉन वॉशर, आणि ओलं सिमेंट रेलला लागता कामा नये, डाग पडतो तो जात नाही. उन्हात २४०० ची रेल ३० अंशांच्या फरकाला १.७ मिमी वाढते, लोखंडाची ०.९. टोकाची ३ मिमी फट दोन्हीला पुरते.

जस्ताचा_थर

माल गॅल्व्हनायझिंगहून आला की ट्रकवरून उतरवण्याआधी कोटिंग गेज लावा. प्रत्येक पॅनेलला बारावर एक, रेलच्या वर एक आणि चॅनेलच्या आत एक वाचन. आतलं वाचन घ्यायला लोक कंटाळतात, पण जस्त कमी पडलेलं तिथेच सापडतं. रेलवर ६५ च्या खाली सरासरी असेल तर माल परत.

आणि पॅनेल एकावर एक सपाट रचू नका, विशेषतः मेच्या शेवटी आणून जूनमध्ये बसवणार असाल तर. ताज्या जस्तावर पाणी अडकून हवा लागली नाही की आठवड्याभरात पांढरी भुकटी धरते. मध्ये लाकडी पट्ट्या घाला, पॅनेल एका टोकाला वीतभर उचलून तिरकी ठेवा, चॅनेलचं तोंड खाली, आणि ताडपत्री टाकलीत तर दोन्ही बाजू उघड्या सोडा.